बांधाच्या आधारावर उभा असलेला देश

खाडीकाठच्या शेतकऱ्यास बांध म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. गोव्यात चोडण आणि दिवाडी ह्या बेटांवर, त्याचप्रमाणे मांडवी व जुवारी ह्या नद्यांच्या काठाकाठाने जी खाजण शेती आहे, तिचे सारे जीवित एका मातीच्या बांधावर अवलंबून असते. भरतीचे खारे पाणी बाहेर थोपवावे, ओहोटी लागली म्हणजे मानशीच्या दारातून शेतातले पाणी बाहेर जाऊ द्यावे, खेकड्यांनी बांधास पाडलेली भोके वेळीच बुजवावी आणि पावसाळ्यापूर्वी सर्व गावाने मिळून डागडुजी करावी, हा क्रम तेथे शतकानुशतके चालत आलेला आहे. एखाद्या वर्षी हयगय झाली आणि बांध फुटला, तर खारे पाणी आत शिरते व त्या जमिनीत पुन्हा पूर्वीसारखे भात पिकण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. बेळगाव, इंदूर किंवा ग्वाल्हेरकडील ज्या वाचकांनी खाडी पाहिलेली नाही, त्यांनी आपल्या मळ्याशेजारून नदीचे पाणी आपल्या डोक्याच्याही वरून वाहत आहे आणि मध्ये केवळ मातीची एक वरंडी आहे, अशी कल्पना करावी, म्हणजे त्या शेतकऱ्याची चिंता त्यांच्या ध्यानी येईल.

आता असे खाजण एका गावापुरते नसून जवळजवळ अर्ध्या देशाएवढे आहे, त्यात मोठमोठी शहरे वसली आहेत, आगगाड्या धावत आहेत आणि विमानेही उतरत आहेत, असे कोणी सांगितले तर ते प्रथम खरे वाटत नाही. परंतु युरोपच्या वायव्य किनाऱ्यावरील नेदरलँड्स हा देश तसाच आहे. त्या नावाचा अर्थच मुळी 'सखल प्रदेश' असा होतो. आपण त्यास सरसकट हॉलंड म्हणतो; पण उत्तर हॉलंड व दक्षिण हॉलंड हे त्याच्या बारा प्रांतांपैकी केवळ दोन प्रांत होत. मराठी बखरींतून ज्यांना 'वलंदाज' म्हटले आहे, ते हेच लोक. सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली होती आणि गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या गलबतांना तेथूनच दाणागोटा पोहोचत असे. त्या वखारीचे भग्नावशेष वेंगुर्ल्यात अजून उभे आहेत.

देश तसा लहानच. पाण्याखालचा भाग धरून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या अकरापट भरते. आणि तेवढ्यात सुमारे १ कोटी ८० लक्ष माणसे राहतात. राइन, मास आणि स्केल्ड ह्या तीन मोठ्या नद्या परक्या देशांतून वाहत येऊन येथे समुद्रास मिळतात, आणि त्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळावरच हा देश बनलेला आहे. डोंगर असा नाहीच. आग्नेयेस, जर्मनी व बेल्जियम ह्यांच्या सीमा जेथे मिळतात तेथे ३२२ मीटर उंचीची एक टेकडी आहे. तिलाच ते लोक मोठ्या अभिमानाने पर्वत म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाने हे ऐकून हसू आवरावे, कारण देशाचे दुसरे टोक पाहिले म्हणजे हसण्यासारखे काही राहत नाही. रॉटरडॅम शहराजवळ एका गावाच्या शिवारात जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा ६.७६ मीटर, म्हणजे सुमारे २२ फूट खाली आहे. देशाच्या एक चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग अशा रीतीने समुद्रपातळीखाली आहे, आणि बांध व वाळूच्या टेकड्या नसत्या तर उधाणाच्या किंवा पुराच्या वेळी निम्म्याहून अधिक देश पाण्यात बुडाला असता.

हवा दमट, ढगाळ आणि वाऱ्याची. जानेवारीत सरासरी तीन-चार अंश, जुलैत अठरा अंश. म्हणजे आपल्याकडे ज्यास थंडी म्हणतात तो त्यांचा उन्हाळा होय. पाऊस वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पडतो. पणजीस एका मोसमात त्याच्या तिपटीहून अधिक पडतो. परंतु तेथील पाऊस बारा महिने थोडाथोडा, कुरकुरणाऱ्या मुलासारखा चालू असतो. झाडे पूर्वेकडे कललेली दिसतात, कारण पश्चिमेचा समुद्रवारा त्यांना सरळ उभे राहू देत नाही.

अशा ठिकाणी माणसाने राहावेच कशाला, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच एका रोमन गृहस्थास पडला होता. प्लिनी नावाच्या ह्या ग्रंथकाराने पहिल्या शतकात ह्या किनाऱ्यावरील लोकांचे वर्णन करून ठेवले आहे. ते हातांनी मातीचे उंच ढीग रचून त्यांवर झोपड्या बांधीत आणि चिखल वाळवून त्याचे सरपण करीत, हे पाहून त्यास त्यांची कीव आली. उत्तरेकडील फ्रीसलंड व ख्रोनिंगन ह्या प्रांतांत असे शेकडो ढीग अद्याप दिसतात. गावातील जुने देऊळ बहुधा त्यावरच, सर्वांत उंच जागी असते.

प्लिनीने पाहिलेला तो जळणारा चिखल म्हणजे पीट होय. दलदलीत मेलेली झाडेझुडपे व शेवाळे हवेअभावी न कुजता थरावर थर साचतात, त्यांचा हा काळा, स्पंजासारखा थर बनतो. हॉलंडच्या मोठ्या भागात असे पीट साचले होते आणि एक हजार वर्षांपूर्वी त्याची पातळी समुद्राच्या वर होती. हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. जी जमीन आज समुद्राखाली आहे ती पूर्वी वर होती. तिला खाली नेले ते शेतकऱ्याच्या कुदळीने. दहाव्या शतकापासून लोकांनी ह्या दलदलीत चर खणून पाणी काढून दिले व गहू-बार्लीची शेते केली. परंतु पाणी निघाले की पीट आक्रसते, त्यात हवा शिरते आणि ते कुजून नाहीसे होऊ लागते. जमीन खचली; म्हणून चर अधिक खोल केले; म्हणून ती आणखी खचली. पुढे शहरांना सरपण हवे म्हणून पीटच खणून विकले गेले आणि त्या खड्ड्यांची सरोवरे झाली. अखेर नदीचे पाणी शेतापेक्षा उंच झाले, आणि तेव्हा बांध घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. समुद्राने त्यांच्यावर चाल केली हे खरे, पण त्याच्यासाठी दार त्यांनीच खाली आणले होते.

बांध आला की शेजारी आला. माझ्या वाट्याचा बांध मी कितीही भक्कम ठेवला आणि पलीकडच्याने आपला तुकडा ढासळू दिला, तर त्याच्याबरोबर माझेही घर बुडणार. ह्या एका गोष्टीतून त्या देशात राजाच्या आधी आणि पार्लमेंटच्या आधी एक संस्था जन्मास आली, ती म्हणजे जलमंडळ. तेराव्या शतकापासून ह्या मंडळांचे लेख सापडतात. एका पाणलोटातील सर्व जमीनदार एकत्र येत, बांधाचे हिस्से वाटून घेत, वर्षातून ठरल्या दिवशी पाहणी होई आणि ज्याचा हिस्सा कच्चा निघे त्यास दंड होई. मंडळाच्या प्रमुखास आजही 'बांधाचा सरदार' अशा अर्थाची जुनी पदवी आहे. जो बांध राखणार नाही त्याने गाव सोडावे, अशी त्यांच्यात म्हणच आहे. आणि ती नुसती म्हण नव्हती. ज्यास आपला हिस्सा दुरुस्त करणे झेपत नसे, तो बांधात आपली कुदळ रोवून निघून जाई. ती कुदळ जो उपटून घेई त्यास ती जमीन मिळे, आणि तिच्याबरोबर बांधाचा भारही. आपल्याकडील गावकारीच्या कारभाराशी हे किती जुळते, हे खाजणवाल्या वाचकांस सांगणे नको. १९५३ साली अशी सुमारे अडीच हजार लहानमोठी मंडळे होती. एकत्र होत होत आज ती २१ उरली आहेत. दर चार वर्षांनी त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि त्यांचा करही वेगळा भरावा लागतो.

चित्रांतून व दिनदर्शिकांतून दिसणाऱ्या पवनचक्क्या सुंदर म्हणून बांधलेल्या नाहीत. काही दळण दळीत, काही लाकूड कापीत. परंतु सखल भागातल्या कित्येकांचे काम पाणी उपसण्याचे होते. एक चक्की पाणी दीड मीटरच्या आसपासच वर चढवू शके, म्हणून खोल जागी तीन-चार चक्क्या ओळीने उभ्या करून एकीने उचललेले पाणी दुसरीने घ्यावयाचे, अशी योजना असे. ह्याच रीतीने १६१२ साली अॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसा घालून बेमस्टर नावाचे सात हजार हेक्टरांचे सरोवर कोरडे केले. चोहोबाजूंनी बांध, त्याभोवती पाण्याचा पाट आणि मधले पाणी उपसून काढलेली जमीन, अशा भूमीस ते पोल्डर म्हणतात. पुढे वाफ आली. हार्लेम शहराजवळचे मोठे सरोवर तीन वाफेच्या पंपगृहांनी १८४९ ते १८५२ पर्यंत अखंड उपसून रिकामे केले. अॅमस्टरडॅमचा विमानतळ आज त्याच सरोवराच्या तळावर आहे. आपल्या देशातून तिकडे जाणारा प्रवासी विमानातून उतरतो तो समुद्राच्या पातळीखाली पाय ठेवतो.

रॉटरडॅमजवळ किंडरडाइक येथे १७४० च्या सुमारास बांधलेल्या एकोणीस चक्क्या अजून उभ्या आहेत. त्या नावाचा अर्थ 'बालकाचा बांध'. १४२१ च्या नोव्हेंबरात संत एलिझाबेथ हिच्या सणाच्या रात्री मोठा पूर आला, तेव्हा पाण्यावर तरंगत आलेल्या एका पाळण्यात एक बालक सुखरूप होते, आणि पाळणा कलू नये म्हणून एक मांजर ह्या बाजूहून त्या बाजूस उड्या मारीत होते, अशी कथा सांगतात. कथाच ती, पण पूर खरा होता. चक्कीवाल्यांची एक मूक भाषाही आहे. चक्की थांबविताना तिचे पाते सर्वांत खालच्या जागी येण्यापूर्वीच किंचित थोपविले तर त्या घरी आनंदाचा प्रसंग आहे असे समजावे, आणि ते खालून जरा पुढे गेल्यावर थांबविले असेल तर कोणी वारले आहे.

मिळविलेल्या जमिनीचा हिशेब सांगताना गमावलेल्याचाही सांगावा लागतो. देशाच्या मध्यभागी झायडर झी नावाचा उपसागर आत शिरलेला होता. १९१६ च्या जानेवारीत त्याच्या काठी मोठा पूर आला, आणि कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरने पूर्वीच आखून ठेवलेली योजना सरकारने १९१८ साली हाती घेतली. समुद्राच्या तोंडाशी ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून २८ मे १९३२ रोजी शेवटची खिंड बुजविली गेली. खाऱ्या पाण्याचा उपसागर गोड्या पाण्याचे सरोवर झाला, आणि त्यातून काढलेल्या जमिनीवर १९८६ साली फ्लेव्होलंड नावाचा बारावा प्रांत स्थापन झाला. परंतु त्या उपसागराच्या काठी फोलेंडाम नावाचे एक कॅथलिक कोळ्यांचे गाव आहे. सभोवारची गावे प्रॉटेस्टंट, मध्येच हे एक आपले. त्यांची हेरिंग आणि अँचोव्ही ही मासळी खाऱ्या पाण्याबरोबर गेली. काहींनी सरोवरातील बाम मासळी धरली, काहींनी होडी विकली. सरकारने थोडीफार भरपाई दिली. पण समुद्र परत देता येत नाही. आज तेथे प्रवासी येऊन जुना कोळी पोशाख अंगावर चढवून छायाचित्रे काढून घेतात.

धर्माच्या बाबतीत ह्या देशाने बरेच सोसले आहे व सोसावयास लावले आहे. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून सोळाव्या शतकाच्या अखेरीस जे प्रजासत्ताक उभे राहिले, त्याने कॅथलिकांची उघड उपासना बंद केली. तेव्हा व्यापाऱ्यांच्या घरांच्या माळ्यांवर गुप्त देवळे झाली. अॅमस्टरडॅममध्ये १६६३ साली पुरे झालेले असे एक देऊळ आजही पाहावयास मिळते. बाहेरून साधे घर, आणि तीन जिने चढून गेल्यावर वेदी, ऑर्गन व सज्जे. अधिकाऱ्यांना हे ठाऊक असे. पैसे घेऊन ते डोळेझाक करीत. १८५३ साली बिशपांची रीतसर पुनःस्थापना झाली. त्यानंतर शंभर वर्षे कॅथलिकांची शाळा वेगळी, वृत्तपत्र वेगळे, कामगारसंघ वेगळा, नभोवाणी वेगळी, आणि पाव घ्यावयाचा तोही आपल्याच माणसाच्या दुकानातून, अशी स्थिती होती. प्रॉटेस्टंटांचे व समाजवाद्यांचेही तसेच. एका गावात राहून माणसे जन्मभर एकमेकांच्या उंबऱ्यात पाऊल टाकीत नसत. पण बांधाच्या पाहणीस मात्र सारे एकत्र. त्या भिंती १९६० नंतर कोसळल्या. त्यांच्याबरोबर देवळांतील गर्दीही ओसरली, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. दक्षिणेकडील मास्ट्रिक्ट शहरातील जुन्या डॉमिनिकन देवळात २००६ पासून पुस्तकांचे दुकान आहे. तरीही ह्याच देशाने टायटस ब्रॅंड्स्मा ह्यांच्यासारखा धर्मगुरू दिला. कॅथलिक वृत्तपत्रांनी नाझींच्या जाहिराती छापू नयेत म्हणून ते संपादकांना भेटत हिंडले, आणि त्यासाठी १९४२ च्या जुलैत दाखाऊच्या छळछावणीत त्यांना मरण आले. २०२२ साली त्यांस संतपद मिळाले.

माणसे उंच, काटक, हिशेबी आणि बोलावयास रोखठोक. पाहुण्यास कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करण्याच्या त्यांच्या सवयीवर त्यांचे शेजारी फार दिवस हसत आले आहेत. दुपारी भाकरीऐवजी पाव व चीज, संध्याकाळी सहाच्या ठोक्यास बटाट्याचे जेवण. घराच्या दर्शनी खिडकीस पडदा न लावण्याची जुनी चाल आहे. आत काही लपविण्यासारखे नाही, हे जणू शेजाऱ्यास दिसावे. सायकली माणसांपेक्षा अधिक, आणि सपाट मुलखात त्यांना अडविणारे काही असेल तर समोरचा वाराच. हिवाळ्यात कालवे गोठले म्हणजे मात्र ह्या गंभीर लोकांस उधाण येते. फ्रीसलंडमधील अकरा नगरांतून बर्फावरून घसरत सुमारे २०० किलोमीटर जाण्याची एक शर्यत आहे. १९६३ साली दहा हजारांच्या आसपास लोक निघाले आणि वादळी थंडीत फारच थोडे शेवटास पोहोचले. पुरेसा जाड बर्फ पडल्यावाचून ती भरत नाही. १९९७ च्या जानेवारीनंतर तसा बर्फ पडलेलाच नाही.

एका लहान मुलाने बांधास पडलेल्या भोकात रात्रभर बोट घालून सारे गाव वाचविल्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. ती हॉलंडमधील नव्हे. १८६५ साली एका अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकातून ती जगभर पसरली. खुद्द डच लोकांस ती प्रवाशांकडून कळली. मातीचा बांध भोक पडून गळू लागला तर तो बोटाने थांबत नाही. परंतु जे खरोखर घडले ते त्या गोष्टीहून कमी नाही.

१९५३ सालच्या ३१ जानेवारीस, शनिवारी, उत्तर समुद्रावर वायव्येचे प्रचंड वादळ सुटले. दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झाली होती, म्हणजे समुद्रास उधाण होते. वाऱ्याने सारे पाणी इंग्लंड व हॉलंड ह्यांच्यामधल्या चिंचोळ्या भागात ढकलून आणले. नैर्ऋत्येकडे झेलंड नावाचा बेटांचा प्रांत आहे. पाण्यातून अर्धा वर आलेला सिंह हे त्याचे चिन्ह. तेथील बांध जुने होते. युद्धात त्यांची आबाळ झाली होती, लहान मंडळांजवळ पैसा नव्हता, आणि योहान फान फेन नावाचा सरकारी इंजिनियर हे बांध ठेंगणे आहेत असे कित्येक वर्षे सांगत असूनही त्याचे म्हणणे फायलींत पडून होते. नभोवाणी मध्यरात्री बंद होत असे. धोक्याची तार थोड्याच ठिकाणी गेली. लोक झोपले.

पहाटे पाणी बांधावरून वाहू लागले. बांध समुद्राच्या बाजूने फुटले नाहीत, हे शेतकऱ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे. समुद्राकडची बाजू दगडांनी बांधलेली होती. वरून सांडलेल्या पाण्याने आतली, शेताकडची बाजू भिजून ढासळली, आणि मग सारा बांध आत लवंडला. गावागावांतून देवळांच्या घंटा वाजू लागल्या, पण वाऱ्यात त्या ऐकू जाईनात. माणसे माळ्यावर चढली, माळ्यावरून छपरावर. रविवारी सकाळी पाणी जरा उतरले तेव्हा कित्येकांना वाटले की आता संपले. दुपारची दुसरी भरती अधिक वाईट आली आणि भिजलेल्या विटांच्या भिंती कोसळून छपरेच वाहून गेली. तारा तुटलेल्या, रस्ते बुडालेले. सोमवारपर्यंत राजधानीस अनर्थाचा अदमासही नीट आला नव्हता. त्या पुरात १,८३६ माणसे मेली. सुमारे ७२,००० लोकांना घरदार सोडावे लागले. बुडालेल्या गुरांची गणती कोण करणार?

त्याच पहाटे उत्तरेस, रॉटरडॅमच्या वरच्या अंगास, हॉलंडच्या सर्वांत सखल भागास राखणारा नदीचा बांधही फुटू लागला. त्यामागे तीस लक्षांच्या आसपास माणसे झोपेत होती. तेथील नगराध्यक्षाने 'दोघे भाऊ' नावाची एक मालवाहू नौका ताब्यात घेतली आणि तिचा तांडेल आरी एव्हेखरून ह्यास ती खिंडारात घालावयास सांगितले. नेम चुकला असता तर नौका, तांडेल आणि बांध तिन्ही गेली असती. त्याने ती प्रवाहात अशी वळविली की पाण्याच्या जोराने ती आपोआप दरवाजासारखी खिंडारावर जाऊन बसली. मागून लोकांनी वाळूची पोती रचली आणि बांध टिकला. बोट नव्हे, नौका; आणि मूल नव्हे, पोट भरणारा एक नावाडी.

झेलंडमधील शेवटचे खिंडार आउवरकेर्क गावाशी होते. भरती-ओहोटीने ते इतके खोल खणले गेले होते की ६ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत, म्हणजे नऊ महिने, तेथून समुद्र आत-बाहेर करीत होता. युद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी बनविलेल्या काँक्रीटच्या चार प्रचंड पेट्या आणून ते बुजविले. त्या पेट्यांतच आज पुराचे संग्रहालय आहे.

पुरास तीन आठवडे होण्याच्या आत सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९५८ साली त्यासाठी कायदा झाला. झेलंडमधील समुद्राची तोंडे एकामागून एक धरणांनी बंद करावी, असे ठरले. बहुतेक बंदही झाली. ओस्टरस्खेल्ड नावाच्या सर्वांत मोठ्या खाडीशी मात्र काम अडले. तिच्या काठचे कालवे-शिनाण्यांची शेती करणारे लोक, कोळी आणि निसर्गाची काळजी घेणारे तरुण ह्यांनी हरकत घेतली. खाडी मिटली की भरती-ओहोटी जाईल, मासळी मरेल आणि फोलेंडामचे झाले तेच आमचे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. भांडण वर्षानुवर्षे चालले. अखेर १९७६ साली पार्लमेंटने खर्च पुष्कळ वाढत असतानाही निराळा मार्ग धरला: भिंतीऐवजी ६२ पोलादी दारे. ती १९८६ साली पुरी झाली. एरवी ती उघडी असतात आणि समुद्र आत-बाहेर खेळत राहतो. पाणी तीन मीटरच्या वर चढणार असे दिसले म्हणजेच पाडतात. खाजणातील माणसास ह्यात नवे वाटणार नाही. ती आपली मानसच, फक्त सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या पसाऱ्यातली. रॉटरडॅमच्या जलमार्गावर १९९७ पासून असाच एक प्रचंड दुहेरी दरवाजा आहे. २०२३ च्या डिसेंबरात वादळ आले तेव्हा पाण्याची पातळी पाहून तो प्रथमच आपणहून मिटला.

समुद्राकडे पाठ फिरवावी तर नद्या समोरून येतात. १९९५ च्या आरंभी राइन व मास इतक्या फुगल्या की अडीच लक्ष लोकांस घरे सोडावी लागली. तेव्हा प्रथमच असा विचार पुढे आला की दर वेळी बांध उंच करण्यापेक्षा नदीस थोडी जागा परत द्यावी. अनेक ठिकाणी बांध मागे सरकविले गेले. ब्राबांट प्रांतातील एका पोल्डरमध्ये शेतकऱ्यांनीच सुचविले की आमची शेते पुराच्या वेळी बुडू द्या, पण आमची घरे व गोठे उंच मातीच्या ढिगांवर बांधून द्या. तसे झाले. काही कुटुंबांनी ती जागा कायमची सोडली. जी राहिली ती आज प्लिनीने पाहिलेल्या लोकांप्रमाणे ढिगावर राहतात, फक्त गायींचे दूध यंत्राने काढतात.

आणि पीटचे ते जुने प्रकरण मिटलेले नाही. अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि उत्रेख्त ह्या शहरांच्या मधोमध हिरवी कुरणे आहेत. दूध आणि चीज येथलेच. चरातले पाणी जमिनीखाली हात-सव्वा हात ठेवले तर गायींचे खूर रुतत नाहीत व यंत्रे चालतात. परंतु तसे ठेवले की वरचे पीट सुकते आणि जमीन काही ठिकाणी वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर खचते. मग चर पुन्हा खाली न्यावे लागतात. तिकडे समुद्र वर चढत आहे. गौडा शहरात घरांखालची जमीन बसत चालली आहे, आणि कुरणांतून कुजणाऱ्या पीटचा वायू हवेत जातो तो वेगळाच. पाणी वितीभर अंतरापर्यंत वर आणावे, असे एक पक्ष म्हणतो. तसे केले तर आमच्या गायी विकाव्या लागतील, असे शेतकरी म्हणतात, आणि ते खोटे नाही. कोणी शेताखाली नळ्या घालून उन्हाळ्यात पाणी आत मुरवून पाहत आहे. कोणी गवताऐवजी पाणकणीस लावून त्याचा बांधकामास उपयोग होतो का, ते पाहत आहे. चरातील पाणी किती बोटे असावे हे शेवटी जलमंडळ ठरविते. २०२३ च्या मार्चमध्ये त्याची निवडणूक झाली. पुढची २०२७ साली आहे, आणि तोवर त्या कुरणांतील गायी पावसात, ओलसर गवतावर चरत आहेत.